कुठी गेली माय

माय, आज दुपारी दवाखान्यातली नर्सबाई घरी आली होती. माझ्या नातसुनेला सांगत होती, बाळाशी रोज बोलत जा, चित्रांचं पुस्तक दाखव, टाळ्या वाजव, पदराआडून तोंड काढून त्याला हसव. पोरगी नवल ऐकल्यासारखी मान हलवत होती. मी भाजी निवडत बसले होते, माझे हात थांबले. हे सगळं मी लहानपणी पाहिलं होतं, ब्रह्मपुरीकडच्या आपल्या गावात, तलावाकाठच्या मातीच्या घरात. तुला ते कुणी शिकवलं नव्हतं. उलट सगळे हसायचे तुला.

बाबा तलावात जाळं टाकायचे, तू दुसऱ्यांच्या बांधीत धानाच्या कामाला जायचीस. माहेरी चौथी शिकलेली होतीस आणि लग्नात लुगड्यांच्या गाठोड्यातून तुझं शाळेचं वाचनाचं पुस्तक सोबत आणलं होतंस. माझा धाकटा भाऊ मान धरायला लागला तसं तू ते बाहेर काढलंस. चुलीवर भात रटरटतोय, तो तुझ्या मांडीवर तुला टेकून बसलाय आणि तुझं बोट चित्रावर आहे. "हे पाह्य, गाय. हे पाह्य, मासोळी." तो चित्रावर थापट्या मारतो, लाळ गाळतो, पानाचा कोपरा तोंडात घालतो. आजी म्हणते, "दात नाई आले पोराले अन पुस्तक दाखवून राह्यली!" तू नुसती हसतेस आणि पदर तोंडावर ओढतेस. "कुठी गेली माय? कुठी गेली?" तो डोळे मोठे करून त्या पदराकडे बघत राहतो. पदर खाली येतो. "इथी!" मग तो असा खिदळतो की आजीलाही हसू आवरत नाही.

त्या हिवाळ्यात गावात देवीची लस टोचणारा आला. तू धानकापणीला निघताना आजीला बजावून गेलीस, "आज पोराले टोचून घ्या." आजी नाही म्हणाली नाही. पण टोचलं तर देवी कोपते हे तिच्या मनात पक्कं होतं. तिनं भावाला लुगड्यात गुंडाळलं, तलावामागच्या झाडीत नेलं आणि तो माणूस गावातून जाईपर्यंत तिथंच बसून राहिली. संध्याकाळी तू आलीस, त्याचं आंगडं वर केलंस. एक दंड पाहिलास, दुसरा पाहिलास. मग भाकरी थापायला बसलीस.

उन्हाळा लागता लागता घरोघरी देवी आल्या. आपल्याही दारावर कडुलिंबाचे डहाळे लागले, घरातली फोडणी बंद झाली. भाऊ वाचला. शेजारच्या घरातली दोन्ही लेकरं गेली, म्हणून आपण नशीबवान असं सगळे म्हणाले. खपल्या पडल्या, चिकटलेले डोळे उघडले. त्यांच्यावर सायीसारखं पांढरं काहीतरी आलं होतं. तू त्याला मांडीवर घेतलंस आणि तोंडावर पदर ओढलास. या वेळी तू काहीच बोलली नाहीस. पदर खाली केलास. पुन्हा वर, पुन्हा खाली. तो गप्पच होता. त्याचं तोंड दाराकडे होतं, तिथून कोंबडीचा आवाज येत होता. मग तू फाटक्या आवाजात म्हणालीस, "इथी." तो वळला आणि हसला, पण तुझ्याकडे पाहून नाही, तुझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी. तुझा तो आवाज मी नंतर कुणाच्या तोंडून ऐकला नाही, मेलेल्या माणसाच्या घरीही नाही.

बाबा त्याला वडसा स्टेशनातून आगगाडीनं चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथं सांगितलं, काही होणार नाही.

काही दिवसांनी तू पुन्हा पुस्तक काढलंस. आजी म्हणाली, "आता काऊन दाखवते? त्याले दिसते का?" तू म्हणालीस, "आयकू त येते." त्यानंतर मासोळीचं पान आलं की तू टोपल्यातली ओली मासोळी त्याच्या हातात द्यायचीस. गाईच्या पानाला त्याला गोठ्यात नेऊन त्याचा तळवा गाईच्या नाकावर ठेवायचीस. गाय फुरफुरली की तो दचकायचा आणि पुन्हा हात पुढे करायचा. वाळल्या दोडक्यात बिया खुळखुळायच्या, तो दोडका तू अंगणात हलवायचीस आणि भाऊ आवाजामागं रांगत यायचा. एकदा मला राहवलं नाही, मी तो दोडका उचलून त्याच्या हातात दिला. तू माझ्यावर ओरडलीस, "कीव नको करू त्याची! शोधू दे त्याले. मी का जलमभर पुरणार हाओ?"

नाही पुरलीस. पुढच्या पावसाळ्यात हिवतापानं तू गेलीस. भाऊ नुकता चालायला लागला होता. तो भिंतीला हात लावत घरभर फिरला, प्रत्येक कोपऱ्यात थांबून विचारत होता, "कुठी?"  त्याचे डोळे गेल्यापासून आजीनं त्याला मांडीवर घेतलं नव्हतं. त्या दिवशी तिनं घेतलं. ती जिवंत होती तोवर त्याला स्वतःच्याच हातानं भरवायची. तुझं नाव मात्र तिनं कधी काढलं नाही. घर सांभाळायला माझी शाळा सुटली.

भाऊ आता म्हातारा झालाय, माझ्याकडेच असतो. जन्मभर जाळी विणली त्यानं, आसपासच्या गावांतून लोक त्याचं जाळं मागायला येत. नर्सबाई गेल्यावर त्यानं मला विचारलं, "बाई, आपली माय दिसाले कशी होती?" मी सांगितलं, सावळी, लांब केसांची, हसली की गालाला खळी पडे. तो बराच वेळ खूश होता. म्हणाला, "हे सारं एकदा लिहून काढ, मले वाचून दाखव." म्हणून लिहायला बसले.

पण हे मी त्याला वाचून दाखवणार नाही. ती खळी माझ्या मुलीची आहे. तुझा एकही फोटो नव्हता, माय, आणि तुझा चेहरा मलाही आठवत नाही.