मोकळीक

प्रिय द्वारका,

फोनच करणार होते. पण तू तिकडून "आत्या" म्हणालीस की माझं पुढचं सगळं राहून जातं, अन् मग आपण दोघी शेरडामेंढरांचं बोलून ठेवून देतो. म्हणून लिहिते. शाळा माझी चौथीपर्यंत, चुकलंमाकलं तर तूच नीट करून वाच. मध्येच रडत बसू नको. शेवटपर्यंत वाच.

आधी कामाचं. क्रांती चौकाकडच्या सरकारी हाफिसातले साहेब येऊन गेले. आपल्या दाबलेल्या लोकरीच्या नमद्याच्या धंद्याला पैशाचा पुढचा टप्पा द्यायला सरकार राजी आहे म्हणे, खेड्यातल्या नव्या कामात आपलं काम बरं ठरलं. पण माझ्या सोनाजीच्या जागी काम जाणणारं माणूस दाखवा म्हणाले. लोकर किती पिंजायची, किती दाबायची, कोणत्या झाडाला केवढा नमदा, हे माझ्या पोराच्या मागं एका तुलाच ठाऊक. तू आलीस तर शेड चालू, नाय आलीस तर कुलूप. तेव्हापासून शेडवरच्या बाया माझ्या उंबऱ्यावर बसून आहेत. सुनेला बोलावून घ्या, एवढंच. तुझा चुलतसासरा कडूबा म्हणाला, वहिनी, तुमच्या एका शब्दावर ती येईल. खरं आहे त्याचं.

शेड झाडून घेतली काल. पिंजायच्या मशीनवर चिमण्यांनी घाण केली होती, पुसून काढली. सोनाजीनं हे खूळ बजाजनगरहून आणलं तेव्हा मी त्याला काय काय बोलले, तुला आठवत असंल. कंपनीत मशीनखाली नमदा घालतात, तो बघून आला आणि म्हणाला, आई, आपली काळी लोकर कुणी फुकट घेत नाय, तिचा नमदा करून मोसंबीच्या बुडाला घालू, पाणी कमी लागंल. मी म्हटलं, झाडाला थंडी वाजती का रे? हसला नुसता. चांगली पगाराची नोकरी सोडून लोकर पिंजत बसलेला पोरगा बघून माझा जीव जळत होता. तू मात्र पहिल्या दिवसापासून त्याच्या बाजूची. अर्ज तू केलास, साहेबांपुढं तू बोललीस. मी कडेला बसून बोटं मोडत होते.

अन् ती खळीची भानगड! म्हाळसाबाई परवा पुन्हा तेच काढून हसत होती. तुम्ही दोघं शहरात गेला होतात, इकडं बायांनी नमद्याची पहिली खेप करून ठेवली आणि म्हाळसाबाईनं सगळ्यांना चिंचोक्याची खळ चोपडली. जन्म घोंगड्या विणण्यात गेला तिचा, खळीबिगर लोकर हातावेगळी करायची म्हणजे तिला उघडं लेकरू बाहेर सोडल्यासारखं वाटलं. कुणाला सांगायचंही सुचलं नाय तिला, त्यात सांगण्यासारखं काय होतं? नमदे गेले पाचोडला नानासाहेबांच्या बागेत. खळीच्या वासानं उंदीर आले, नमद्याखाली बसून झाडांच्या साली कुरतडल्या. नानासाहेब तोंडाला येईल ते बोलले. मला वाटलं, आता सोनाजी म्हाळसाबाईला फाडून खाईल. तर तो बांधावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. म्हणाला, "आई, आपल्या बायांनी झाडालाबी घोंगडी पांघरली गं."

हसून काय होतं, साहेब बघायला येणार होते. तू एकेक नमदा बागेतून उचलून आणलास, हौदावर धुतलास. धुवून झाला की नाकाला लावून वास घ्यायचीस, खळीचा वास आला की पुन्हा पाण्यात. हातांची सालटं निघाली. मी भाकरी घेऊन आले तर तुला घास तोडता येईना, सोनाजी भरवत होता, अन् मला बघून दोघं लाजलात. मी भाकरी ठेवून मागं फिरले. ते मी कुणाला बोलले नाय. आता त्याला जाऊन दोन वर्षं होत आली, तरी हौदाकडं गेले की तेच दिसतं.

कावीळ झाली तेव्हा दवाखान्यात तू त्याच्या पायाशी बसून होतीस. पुढचं लिहीत नाय. वर्षाचं घातल्यावर तुझा भाऊ कारभारी न्यायला आला, तेव्हा मीच जा म्हटलं. महिनाभर राहून ये म्हटलं होतं. महिना संपला, मी बोलावलं नाय, तू विचारलं नाय.

मागच्या बाजारात कारभारी भेटला. माझी नजर चुकवून मिरचीच्या ढिगामागून निघाला होता, मी हाताला धरून थांबवलं. तेव्हा कळलं. बजाजनगरचा बद्रीनाथ म्हणून आहे, आपल्यातलाच, बायको वारलेली, लेकरू नाय. त्याच्याकडून विचारणं आलंय. तू हो म्हणत नायस, नाही म्हणत नायस. आत्याला काय वाटंल, एवढंच म्हणतीस, असं कारभारी म्हणाला.

मला काय वाटलं ते बाजारात रस्त्यावर सांगण्यासारखं नव्हतं. तशीच दुसऱ्या दिवशी एसटीनं बजाजनगरला गेले. कुणाला सांगितलं नाय. काखेत एक घोंगडी घेतली आणि विकणारी बाई म्हणून त्याच्या दारात उभी राहिले. सुट्टी होती त्याची. आई अंथरुणाला खिळलेली, तिच्यासाठी भाकरी थापत होता. पिठाच्या हातानं दार उघडलं. घोंगडी नको म्हणाला, पण आत बोलावलं, पंखा लावला, पाणी दिलं. मी मुद्दाम खेकसले, पाणी कोमट आहे म्हटलं, तर मुकाट्यानं माठातलं आणून दिलं. भाकरी त्याची फाटकी होती. तरी आईला कुस्करून दुधात भिजवून दिली, आणि तिच्या हनुवटीवरचं दूध पदरानं पुसलं. तिच्याच पदरानं, हळू. मला त्याच्यात खोट काढायची होती. लई शोधली. परत येताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आपल्यात दुसरं लग्न, म्हणजे पाट लावायचा तर आधीच्या घरानं मोकळीक द्यावी लागती. सासऱ्यानं नायतर सासूनं पंचात उभं राहून बोलायचं आणि भंडारा उधळायचा, त्याबिगर विधवेचा पाट लागत नाय. तुला हे माहीत होतं, म्हणून तू माझ्याकडं बघत बसलीस. काल खंडोबाच्या देवळापुढं पंच बसवले. तिथं मी बोलले, "द्वारका मोकळी आहे. आमचा तिच्यावर हक्क नाय, अन् तिच्या कामावरबी नाय." भंडारा उधळला. कडूबा उठून गेला. बाया रडल्या, तुझ्यासाठी की शेडसाठी, ते मी विचारलं नाय. सोमवारी हाफिसात जाऊन सांगणार आहे, आमच्याकडं काम जाणणारं माणूस नाय. साहेब म्हणतील, सूनबाई कुठं आहेत? मी म्हणेन, तिच्या घरी आहे. माझ्या पोराचं नाव त्या शेडवर आहे, ते मला माझ्या हातानं उतरवायचंय, दुसऱ्या कुणाला शिडीवर चढू देणार नाय. लग्नाला मला बोलावू नको. अन् त्याच्या आधी भेटायलाबी येऊ नको. कारभारीला म्हण, आत्यानं सांगितलंय. तू दारात उभी राहिलीस तर मी तुला परत जाऊ देणार नाय, द्वारका, एवढी मी चांगली नाय. म्हणून लिहून कळवलं.

तुझीच,
आत्या