चिमीला पिल्लं झाली, माय

प्रिय माय,

आज सकाळी सोमली आली. जिनिंग कारखान्यात कापूस निवडायला जायची, आमच्या परसामागच्या खोलीत राहायची, ती सोमली. डोक्यावर टोपली होती आणि टोपलीत फडक्याखाली काहीतरी वळवळत होतं. दारातूनच तिनं विचारलं, "याडी कुठं हाये? तिले सांगाले आली मी. चिमीले पिल्लं झाली."

याडी म्हणजे त्यांच्या तांड्याच्या बोलीत आई. ती तुला याडी म्हणायची, आणि तू तिला 'माही दुसरी पोर' म्हणायचीस. पोटापाण्यासाठी ती नवऱ्याबरोबर वणीकडे कोळशाच्या कामावर गेली होती. तिला कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं, दिवाळी झाली आणि माय तापानं गेली. टोपली मांडीवर घेऊन ती उंबऱ्यावर बसून राहिली. पिल्लू कुंई-कुंई करत होतं. मग तिनं एक गोष्ट सांगितली. त्या गोष्टीपायी मी हे लिहायला बसले आहे. कुठं पाठवायचं ते मला माहीत नाही. पण तुझी लेक भाषणं करणारी बाई आहे, मनातलं मनात ठेवणं तिला कधी जमलं आहे?

तांबडी तुला आठवते ना? तू तिला जिवंत पाहिलंच नाहीस म्हणा. चौकातली बेवारस कुत्री. आमच्या अंगणात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या रचून ठेवल्या होत्या, त्यांच्या आडोशाला ती व्याली. पाच पिल्लं. आणि दोन-चार दिवसांतच जिनिंगच्या रस्त्यावर कापसाच्या ट्रकखाली सापडली. पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते. मी बशीत दूध ठेवलं, तर एकाला तोंड लावता येईना. दुसरं त्यात बुडालं. जगातली इतकी पुस्तकं वाचली, पण आंधळ्या पिल्लाच्या पोटात दूध कसं घालायचं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. म्हणून घाटंजीकडे जाणाऱ्या मोटारीवरच्या माणसाजवळ तुला निरोप धाडला.

तू दुसऱ्याच दिवशी आलीस. काखेत जुन्या लुगड्यांचं बोचकं आणि हातात तुझा तो फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या, आपल्या गावच्या विहिरीच्या पाण्यानं भरलेला. आळीतल्या बायांनी विचारलं, "काय वं आजी, इतक्या घाईनं कायले आली?" तू सरळ सांगितलंस, "माह्या पोरीच्या घरी बाळंतपण हाये."

बाया हसल्या. मी हसले नाही. माझ्या लग्नाला किती वर्षं झाली होती, माय? आणि तेवढी वर्षं तू माझ्या घरी येताना तो तांब्या घेऊनच येत होतीस. लेकीला लेकरू झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणी आई-बापानं प्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. मला लेकरू झालं नाही, म्हणून माझ्या घरचा माठ तुला वर्ज्य. एरवी सकाळी येऊन संध्याकाळी जायचीस, तांब्या पुरायचा. या वेळी मुक्काम लांबला. तांब्या संपला, आणि तू काय केलंस? परसामागच्या सोमलीकडे गेलीस, "पानी दे वं पोरी" म्हणालीस आणि उभ्यानं गटागटा प्यायलीस.

किती हसावं आणि किती रडावं? सगळ्यांनी एका पाणवठ्यावर यावं म्हणून गावोगाव घसा कोरडा करणारी मी. माझी माय तांड्याच्या बाईच्या हातचं पाणी बेलाशक प्यायली, तर मी मिरवायला हवं होतं. पण ते कशाच्या बदल्यात प्यायलीस हे मला ठाऊक होतं. तुझ्या जावयानं गंमत केली, "सासूबाई, विहीर नगरपालिकेची आहे. सोमली भरते तीच आम्ही भरतो. पाणी काही आमच्या घरचं नाही." पदर पुढे ओढून तू म्हणालीस, "घागर तं तुमची हाये ना, जावईबापू."

पण पिल्लं तू जगवलीस. सरकीच्या पोत्यावर तुझं लुगडं अंथरलंस, विटा शेकून फडक्यात गुंडाळून कडेला ठेवल्यास. कापसाची वात करून शेळीच्या कोमट दुधात बुडवायची आणि ओठांत धरायची, हे मला शिकवलंस. मी घाई केली की म्हणायचीस, "हळू, कमळे. सभा नोको समजू. त्याइले टाळ्या वाजवता येत नाई." दूध पाजून झालं की ओल्या फडक्यानं पोट चोळायचं, तांबडी जिभेनं चाटायची तसं. त्याशिवाय ती मुततसुद्धा नाहीत, हे मला कुठं माहीत होतं? तू मांडी घालून बसायचीस, मांडीवर पाच जीव. तुझ्या तोंडून एक गाणं निघायचं, माझ्या लहानपणी ऐकलेलं. ते अर्ध्यावर थांबवायचीस. का थांबवायचीस, ते मी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

एकदा मात्र तू आपणहून बोललीस. वात पिळता पिळता म्हणालीस, "तू झाली ना, तवा माही माय पयल्यांदा माह्या घरी पानी प्याली. घागरीतून वाटी भरून देल्ली म्या. ते म्हणे, लय गोड हाये वं तुह्या घरचं पानी. खारट होतं बापा, आपल्या विहिरीचं." आणि हसलीस. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "ही रीत बायकांना घातलेली बेडी आहे." खरंच आहे ते. पण त्या वेळी तू मला रीत सांगत नव्हतीस, तुझ्या मायची आठवण सांगत होतीस.

डोळे उघडले, पिल्लं अंगणभर लुडबुडायला लागली. ज्वारीच्या कण्या शिजवून दुधात कालवल्या की पाचही जण परातीतच उभे राहायचे. मग न्यायला माणसं यायला लागली. आणि ज्याला त्याला नर हवा. मादी कुणाला नको. मादी पोत्यात घालून नदीपल्याड सोडून यायची, हीच चाल. तू उंबऱ्यात बसून हुकूम काढलास, आधी पोरी उजवायच्या, मग पोरं.

तो बाजारपेठेतला जाडा अडत्या आठवतो? आल्याआल्या काळ्या नराला हात घातला त्यानं. तू म्हणालीस, "त्याले हात नोको लावू, शेटजी. पयले पोरी."

"बाई, कुत्री दर साली पिल्लं देईन. मी काय करू तिच्या पिल्लाइचं?"

"तुमच्या मायनं तुमाले जलम देल्ला, तवा तुमच्या आज्यानं काय केलं?"

सगळी आळी हसली. अडत्याही हसला, आणि हसता हसता मादी घेऊन गेला.

द्यायच्या आधी तू घर बघायला जायचीस. मुलगी देताना बघतात तसंच. तुझी परीक्षा ठरलेली. दारात उभं राहायचं आणि पाणी मागायचं. "म्हाताऱ्या बाईले पानी द्याले जे घर उशीर करते, ते मुक्या जितराबाले काय देईन?" एका घरी बाईनं "थांबा, माणसं जेवून राह्यली" म्हणून तुला ताटकळत ठेवलं, तर तू तशीच परत आलीस. त्या घराला पिल्लू मिळालं नाही. अशी पाच पिल्लांपायी आमच्या दिग्रसमधल्या अर्ध्या घरांचं पाणी पिऊन आलीस तू. शिंप्याचं, पिंजाऱ्याचं, मास्तरांचं. फक्त माझ्या घरचं राहिलं.

त्याच दिवसांत बाजारच्या दिवशी माझी सभा होती. तू म्हणालीस, मी येते. बायांमध्ये खाली बसलीस, मांडीवर चिमी. पाच पिल्लांत सगळ्यांत मरतुकडी म्हणून तिला घरी ठेवायला तुझा जीव होत नव्हता. मी बोलले. नागपूरची राजधानी गेली, आपण मुंबई राज्यात आलो, कायदे बदलले, लेकीला बापाच्या मिळकतीत वाटा मिळाला, आणि तिच्या घरचा पाण्याचा पेला अजून तिच्या पोटाच्या परवानगीनं भरतो, असं बोलले. तुझं नाव घेतलं नाही. जे बोलले ते मी आजही खरं मानते, उद्याही बोलेन. टाळ्या झाल्या. चिमीला पदरात घेऊन तू घरी आलीस. दारात आल्यावर म्हणालीस, "चांगलं बोलली तू. घसा सुकला असन. पानी पी."

माय, हजारो माणसांसमोर मला शब्द कमी पडले नाहीत. 'तूही पी' एवढंच म्हणायचं होतं. ते मी सभेत म्हटलं होतं. घरात म्हणायला जीभ उचलली नाही.

चिमी शेवटपर्यंत राहिली. मादी, त्यात पाय फेंगडे. सोमली म्हणाली, "याडी, हिले मी नेते तांड्यावर." तू चिमीच्या कपाळाला कुंकू लावलंस, सोमलीच्या ओटीत मूठभर ज्वारी आणि गुळाचा खडा घातलास, आपल्या लुगड्याची चिंधी बरोबर दिलीस, वासानं झोप लागावी म्हणून. सोमली म्हणाली, "ये पाह्याले." तू म्हणालीस, "आता लेकीचं घर झालं ते. तिले लेकरं होतवर पानी नाई पेत मी तिथं." सोमली पोट धरून हसली. मी आत निघून गेले. कुत्रीलाही तीच रीत लावलीस, म्हणून मला राग आला होता.

दुसऱ्या दिवशी तू मोटारीनं निघालीस. मोटार गेल्यावर पाहते तर तुझा फिरकीचा तांब्या आमच्या माठाशेजारी, पालथा. माय कधी तांब्या विसरत नाही, आणि आज विसरली? मी निरोप धाडला. तुझा उलट निरोप आला, "राहू दे. येईन तवा लागन."

तू आली नाहीस. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी पोचले तेव्हा तुझं बोलणं थांबलेलं होतं. मी तुझ्या तोंडात पाणी घातलं, पण ते तुझ्याच घरचं होतं.

आणि आज सोमली सांगते. निघायच्या आदल्या संध्याकाळी तू तिच्याकडे गेली होतीस. तिला म्हणालीस, "चिमीले पिल्लं झाली का मले पयले सांगजो. कमळीनं तिले वातीनं दूध पाजलं, म्हणजे ते कमळीची लेक. तिले लेकरं झाली म्हणजे माही कमळी आजी झाली. आजीच्या घरचं पानी पेले कोन अडवते मले?"

सोमलीनं विचारलं, "मंग आताच काहून नाई पेत? दूध तं तिनं आताच पाजलं."

तू म्हणालीस म्हणे, "आता पेली तं कमळी म्हणन, कुत्र्याइच्या नावानं कायले पेते, माह्या नावानं पे. भाषण करन ते. अन् तिचं खरंच हाये. पन माह्या मायनं घातलेली रीत हाये, एकदम कशी मोडू? हळू मोडीन. तांब्या ठेवून चालली मी तिच्याच घरी."

माय, तू माझ्या भाषणाला भ्यालीस? रीतीतून वाट काढलीस, वर्षभराची मुदत घातलीस, आणि मला एक शब्द नाही सांगितलास? मी ओरडले असते, हो. भांडले असते. पण पेला तरी भरला असता. आणि तुला वर्षभर थांबवणारी ती रीत, तिच्यावर आता मी कुठल्या सभेत किती बोलू? तुझी माय एकदा खारट पाणी गोड म्हणून प्यायली. तुझ्या वाट्याला तेवढंही येऊ दिलं नाही त्या रीतीनं.

सोमलीनं टोपलीवरचं फडकं काढलं. आत मादी आहे. तांबडी, थेट तिच्या आजीसारखी. "याडीसाठी आणली होती," म्हणाली. मी तिला म्हटलं, "बस, पाणी पी." तुझा तांब्या चिंचेनं घासला, माठातलं पाणी भरलं आणि तिच्या हातात दिला. तिनं आधी थोडं अंगणात सांडलं, तुझ्या नावानं, मग प्यायली.

ही मादी मी ठेवून घेतली आहे. हिचं लग्न लावणार नाही, हिला रीत लावणार नाही. आणि तुला शब्द देते, माय. पुढच्या बाजारी मी तांड्यावर चिमीला बघायला जाईन, तुझ्याच तांब्यानं तिथलं पाणी पिईन. यापुढे माझ्या दारात कुणाही लेकीची आई आली, तर आधी तांब्या पुढे करीन, बोलेन ते नंतर. रोज सकाळी तो भरलेला असेल. पालथा तो पुन्हा कधी दिसायचा नाही.

तुझी,
जिच्या घरचं पाणी राहून गेलं ती,
कमळी