दंडावरच्या देवी

बाबा, ओठावर आज पुन्हा ते फोड आले आहेत, डावीकडे, नेहमीच्या जागी. डॉक्टरीण म्हणाली, "काकू, हा विषाणू एकदा शिरला की अंगातच राहते. लस अजून नाही याच्यावर, शोधून राहिले लोक." मी तिला दंड दाखवला नाही. ऐंशीला टेकलेल्या बाईने नातीच्या वयाच्या मुलीकडून किती शहाणपण ऐकून घ्यायचं? पण घरी आल्यापासून तुमच्यावरचा जुना संशय काही बसू देत नाही.

छप्पन साली तुम्ही नागपूरहून दीक्षा घेऊन आलात आणि देव्हारा रिकामा केलात. पुढच्याच उन्हाळ्यापासून माझ्या दंडावर मात्र पुन्हा पुन्हा देवी काढल्यात, म्हणजे देवीची लस टोचलीत. आई म्हणायची, "देव्हाऱ्यातली देवी गेली अन् पोरीच्या हातावर आली." तुम्हाला हसू यायचं नाही. ते देवीच्या रोगासाठी नव्हतंच. ओठावरच्या फोडांना लस नव्हती, आणि विलायतेतले डॉक्टर त्यांच्यावर देवीची लस वरचेवर टोचून बघतात, असं तुम्ही कुठेसं वाचलं होतंत. "एका फोडाशी झगडायले शिकलं की अंग दुसऱ्याशीबी झगडते," असा तुमचा हिशेब.

त्याला कारण पेला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी माझा पाण्याचा पेला वेगळा काढून खिडकीत पालथा ठेवला होता. मी घरी सहज सांगून गेले. तुम्ही जेवता जेवता थांबलात. लहानपणी वलगावात तुम्हाला लोक ओंजळीत वरून पाणी ओतायचे, हे मला ठाऊक होतं.

"फोडासाठी का जातीसाठी?"

"फोडासाठी."

"नक्की?"

मला नक्की माहीत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला तुमच्या दवाखान्यात बसवून देवी काढायची ती दातेरी चकती दंडावर फिरवलीत. फोड पुढे येत राहिले. जेव्हा नसत तेव्हाही पेला खिडकीतच असे.

एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. पण मग अकोल्याच्या कापसाच्या जिनवाल्यांची सून आली, ओठावरचे फोड पदराने झाकून, सासूबरोबर. तिलाही तुम्ही हीच लस सुचवलीत. सासू म्हणाली, "माह्या सुनेले का देवी आल्या, डॉक्टर? हे काहून? अन् आधी कोणावर करून पाह्यलं तुमी?" तुम्ही मला आतून हाक मारलीत आणि माझी बाही वर केलीत. "हे पाहा, माह्या पोरीवर." तिने माझा दंड बाजारातल्या वांग्यासारखा फिरवून पाहिला. "जित्ती आहे म्हणजे ठीक," म्हणाली. मे महिना होता. आपल्या माठातलं पाणी मात्र दोघींनी घेतलं नाही.

ते माझ्या डोक्यातून आजवर गेलेलं नाही. मला टोचलंत ते पेल्यासाठी, की अशांना दाखवायला नमुना हवा म्हणून? त्या दिवशी मी विचारलं होतं, "बाबा, माझ्याआधी कोणावर?" तुम्ही मनगटावरचं बटण लावत म्हणालात, "अभ्यास कर." वऱ्हाडातल्या उन्हाळ्यातही तुमची बाही कधी वर गेलेली मी पाहिली नाही. पुढे विलायतेतल्या डॉक्टरांनीच ती रीत निरुपयोगी म्हणून सोडून दिली.

तुम्ही वारलात ते माझ्याकडे, अकोल्यात. लोक जमायच्या आधी खोलीत मी एकटीच होते. लहानपणीच्या लसीचा व्रण सगळ्यांच्याच दंडावर असतो. त्याहून जास्त व्रण तुमच्या दंडावर आहेत का, एवढंच बघायचं होतं. तुमच्या मनगटावरचं बटण काढलं, आणि पुन्हा लावलं. व्रण दिसले असते तर इतक्या वर्षांचा राग कुठे ठेवला असता? आणि नसते दिसले, तर तुम्हाला शेवटचं खांद्यावर कोण नेतंय हे बघायलाही मी थांबले नसते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगते. या घरात माझा पेला मी वेगळा ठेवते, फोड नसतानाही. नातवंडांना लागू नये म्हणून, असं सुनेला सांगितलं आहे. तुम्ही असतात तर जेवता जेवता थांबला असतात.