सूनबाई दोन टक्क्यांनी पुढे

रविवार, दिवेलागण

सून नगरसेविका व्हायला उभी आहे. आज सर्व्हेचा कागद आला, त्यात ती दोन टक्क्यांनी पुढे. लगेच महाप्याच्या कंपनीतली नोकरी सोडायला निघाली. मुलगा म्हणतो, "आई, पंच्याण्णव टक्के खात्री लिहिलीय." कसली खात्री? नातीनं नीट वाचलं. जिंकायची खात्री नव्हेच ती. आकडे तीन टक्के इकडंतिकडं होतील, त्यापलीकडे सहसा जाणार नाहीत, एवढीच. मग पुढे दोन आणि चूक तीनची, तर पुढे आहे कोण?

"अगं, मागेही असशील. राजीनामा कशाला, रजा टाक," मी म्हटलं.

सून फुगली. "तुमचं मत तरी मलाच ना, आई?"

"तेही तीन इकडंतिकडं."

हसली, आणि रजेचा अर्ज लिहायला बसली. मत तिलाच देणार आहे. पण आत्तापासून कशाला सांगू?