सतरा नंबरची टोपी

प्रिय छकुले,

शेहेचाळीस वर्षांच्या बाईला छकुली म्हणू नये, हे मला कळतं. पण ते नाव तुझ्या आईने ठेवलेलं, आणि तिने ठेवलेलं मी हलवत नाही. पत्र बघून दचकली असशील. फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतेस. आज मला मध्ये कुणी बोललेलं नको आहे.

माझं बरं चाललंय. उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, म्हणून आताशा खाली उतरणंच कमी केलंय. शेजारीण मुलाकडे राहायला गेली, तेव्हापासून भांडायलाही कुणी उरलं नाही. दिवसभरात माझा आवाज मी फक्त दूधवाल्याशी बोलताना ऐकते, आणि तोही हल्ली पिशवी दाराला अडकवून पळतो.

मंगळवारी मात्र बेल वाजली. स्मारक समितीचा अधिकारी होता, कोवळा, कडक इस्त्रीचा. मला म्हणाला, "आजी, तुम्ही बसून घ्या." माझ्या घरात, माझ्याच खुर्चीत! मी म्हटलं, आजी तुझ्या घरी असेल, मी सिस्टर आहे. बिचारा उभाच राहिला. आमच्या छावणीतल्या रुग्णालयावर तोफेचा गोळा पडला, त्याला बेचाळीस वर्षं झाली. आता तिथे दगड बसवणार आहेत. इतकी वर्षं झोपले होते, आता जागे झालेत तर त्यांना वाटतं आपणच पहाट केली.

त्याने नावांची यादी दाखवली. आमचा डॉक्टर, जो टाके घालताना बेसूर गुणगुणायचा आणि जवान कण्हणं विसरून हसायचे. ड्रेसर काका, ज्यांनी मला बँडेज गुंडाळायला नव्याने शिकवलं, कारण नर्सिंग शाळेत शिकवलेलं म्हणे फक्त परीक्षेपुरतं असतं. आणि स्ट्रेचर उचलणारा लांबू. त्याच्या जोडीला कुणी तेवढ्या उंचीचा नसल्यामुळे पेशंट नेहमी उतारावरून चालल्यासारखा जायचा. तीन नावं मी बोट ठेवून वाचली आणि मग कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

तुझ्या आईचं नाव नाही. का, तर दगडावर फक्त कामावर असताना गेलेल्यांची नावं येणार आणि रजिस्टर म्हणतं, त्या दिवशी तिची सुट्टी होती. ती वॉर्डात "सहज भेटीला" आली होती. आणि दगडावरचा पडदा कुणाच्या हस्ते सरकवायचा? तर माझ्या. कारण त्याच रजिस्टरप्रमाणे त्या दिवशी ड्यूटीवर असून वाचलेली मी एकटी.

छकुले, तू सोळा वर्षांची असताना माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली होतीस, "सुट्टी होती ना तिला? मग तिथे मरायला गेली कशाला? तिला माझ्यापेक्षा वॉर्ड प्यारा." मी तेव्हा चहात साखर ढवळत होते. साखर कधीच विरघळली होती, तरी ढवळत राहिले. गेल्या वर्षी तेच वाक्य तू तुझ्या मुलीला सांगितलंस, माझ्यादेखत, अगदी शांतपणे, जणू घरातली जुनी वस्तू तिच्या हाती सोपवावी तसं. तेव्हाही मी गप्पच. शाळेत नन आम्हांला खोटं बोलण्याबद्दल हातावर पट्टी मारायच्या. गप्प बसण्याबद्दल कधी मारली नाही.

आता ऐक. आमची मेट्रन ड्यूटी बदलून द्यायची नाही. मरणाचं कारण असेल तरच, आणि तेही आधी लिहून द्यायचं. म्हणून आम्ही मुलींनी आमची पद्धत काढली होती. प्रत्येकीच्या टोपीत आत नंबर शिवलेला असायचा आणि वसतिगृहात त्याच नंबरची खुंटी. मेट्रन चेहरे बघायची नाही, खुंट्या मोजायची. तेव्हा जी दुसरीच्या जागी कामावर जाईल, तिने त्या दुसरीची टोपी घालून जायचं आणि आपली खुंटीवर ठेवायची. सगळा हिशेब बरोबर.

त्या सकाळी माझ्या टाचेला नव्या बुटाने फोड आला होता. बस, एक फोड. तुझ्या आईची त्या दिवशी आठवड्याची सुट्टी आणि दुसऱ्या दिवसापासून रजा होती, तुझ्याकडे यायला तिने बॅगही भरून ठेवली होती. मला लंगडताना बघून म्हणाली, "आण ती टोपी, सुई." माझ्या जिभेमुळे ती मला सुई म्हणायची. "तू अशी खुरडत फिरलीस तर पेशंटना वाटेल आपण लढाई हरलो." आणि सतरा नंबरची माझी टोपी घालून गेली. तिची अठरा नंबरची खुंटीवर होती. मी पाय वर करून झोपले होते, तेव्हा गोळा पडला.

संध्याकाळी मेट्रन माझ्या खोलीत आली. सतरा नंबरची टोपी तिने माझ्या उशीवर ठेवली आणि म्हणाली, "मी लिहिलंय की तू औषधं आणायला भांडारात गेली होतीस. आता दोघींपैकी एकीची तरी नोकरी राहू दे." तिला सगळं ठाऊक होतं, कदाचित आधीपासून. मी मान हलवली. बेचाळीस वर्षं हलवतेच आहे.

सोमवारी मी समितीला लेखी जबाब देणार आहे. पडदा सरकवणार नाही हेही त्यात लिहिलंय. पण त्यांच्याआधी तुला कळायला हवं होतं, आणि माझ्याकडूनच. तुझी आई भेटीला गेली नव्हती. ती ड्यूटीवर होती. ड्यूटी माझी होती. हे वाचून मला मावशी म्हणणं तुला जमलं नाही, तर मी समजेन. वाईट वाटेल, पण समजेन. जबाब वाचल्यावर समिती पुरावा म्हणून टोपी मागेल. ती सोबतच्या डब्यात आहे, एका बाजूने जळालेली. मी ती कधी धुतली नाही. द्यायची की नाही ते तू ठरव. आत उजव्या बाजूला दोन केसांच्या पिना अजून तशाच आहेत. माझे केस तेव्हाही विरळ, मला पिना कधी लागल्या नाहीत. टोपी त्यांना दिलीस तरी पिना काढून घे.

तुझीच, जोवर तू म्हणशील तोवर,
मावशी