मशीन न्यायला अनिसभाई येतील

आई,

मी पहिल्या शिफ्टला चाकणला निघालेय. तुझा नुकताच डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही.

बाबांचं ऑक्सिजनचं मशीन न्यायला चऱ्होलीचे अनिसभाई अकराला येतील. तुझ्या खात्यात पैसे दिसल्याशिवाय मशीन हलू देऊ नकोस. त्यांच्या फोनवरची पावती धरायची नाही. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही. कुणीही टाकायला सांगितला तरी टाकू नकोस.

काल मशीन विकायची आपली जाहिरात बघून एकाचा फोन आला होता. "ताई, कोड स्कॅन करून पिन टाका, लगेच पैसे येतील. पप्पांना धाप लागलीय ओ." मागे खोकला ऐकू येत होता. मी पिनचे तीन आकडे दाबलेसुद्धा. मग लक्षात आलं, खोकला दर नऊ सेकंदांनी येतोय, तसाच्या तसा. रेकॉर्ड केलेला होता. खरा खोकला असा येत नाही, हे बाबांच्या शेवटच्या दोन महिन्यांत आपण दोघींनी ऐकलंय.

अनिसभाईंच्या वडिलांशी मी स्वतः बोलले. ते प्रत्येक दोन शब्दांनंतर थांबत होते.

अनिसभाईंना चहा दे. मशीन गेल्यावर लगेच केर काढू नकोस. संध्याकाळी आल्यावर मी काढेन.

अपेक्षा