डॉक्टर मासा

मंडपम, १४ जानेवारी १९६३

तीर्थरूप बाबांना, डहाणूकडच्या आपल्या मसोली गावाच्या दिशेने तोंड करून वसूचा नमस्कार.

इथल्या मत्स्य संशोधन केंद्रातली माझी चित्रकाराची नोकरी कायम झाली. आईला आधी हेच वाचून दाखवा.

इथल्या प्रवाळात डॉक्टर मासा असतो. शेपटीच्या मुळाशी त्याला ऑपरेशनच्या चाकूसारखा काटा असतो. पाण्यात काय देखणा निळा दिसतो! मेला की काळवंडतो. केंद्राच्या साहेबांनी मला चित्र काढायला बरणीतला मेलेला मासा दिला, तेव्हा मी म्हटलं, "मला जिवंत हवा." ते हसले, पण कोळ्यांकडून आणवून हौदात सोडला. मी हौदापाशी बसून तो रंगवला. पाणी बदलताना त्याने माझा हात कापला. डावाच आहे, भरत आलाय. एवढं आईला वाचून दाखवू नका.

तिचा दमा कसा आहे? खरं कळवा.

काल साहेब चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. "हा तर आत्ता पोहत निघून जाईल," म्हणाले, आणि चित्र दर्शनी दालनात लावायला सांगितलं.

चित्राखाली मी लिहिलं, 'वसुमती काशीनाथ सावे, डहाणू'. कारकून म्हणाले, "नुसतं वसुमती पुरे." मी म्हटलं, "वडिलांचं नावही तिथेच राहील." ते राहिलं आहे, बाबा.

तुमची लेक,
वसू